मामीची सही

(दृश्य: शिंदखेडा तालुक्यातील एका घराचे अंगण, सकाळची वेळ)

माझी मामी शिंदखेडा तालुक्यातील एका खेड्यात राहते. दोन वर्षांपूर्वी तिला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली. ती कळ पाठीत जात असे आणि तास-दोन तास तिला स्वस्थ बसू देत नसे. आंबट ढेकर, मळमळ, डोकेदुखी या सगळ्यालाच आपल्याकडे पित्त म्हणण्याची रीत असल्यामुळे घरच्यांनी हे दुखणेही पित्ताच्या खाती जमा केले, आणि जिरे-ओव्यावर वर्ष निघून गेले. शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयातील खडे दिसले. पुढे एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख ठरत असताना एका अभ्यासात सहभागी होण्याचे संमतीपत्र तिच्यासमोर ठेवण्यात आले आणि तिने त्यावर सही केली. कशावर सही केलीस, असे मी घरी विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘माले काय समजनं नही.’

त्या एका वाक्यामुळे ही चित्रफीत तयार झाली. वैद्यकीय चाचणीत, म्हणजे रुग्णांवर उपचार पारखून पाहणाऱ्या अशा अभ्यासात, भाग घेऊ नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. खान्देशातील रुग्णांनी अशा चाचण्यांत यावे असेच मला मनापासून वाटते, परंतु पूर्ण समजून यावे.

पित्ताशय ही यकृताखालची लहानशी पिशवी असून तिच्यात साठलेल्या पित्तातील कोलेस्टेरॉल किंवा रंगद्रव्य घट्ट झाले की खडे तयार होतात. बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर त्रास होत नाही, आणि असे मुके खडे केवळ सोनोग्राफीत दिसले म्हणून सहसा शस्त्रक्रिया करावी लागत नाही. मात्र खडा नळीत अडकला तर कावीळ होते, ताप येतो, कधी स्वादुपिंडाला सूज येते, आणि मग प्रकरण जिवावर बेतू शकते.

(दृश्य: रुग्णालयाबाहेर एसटीची वाट पाहणारे रुग्ण आणि नातेवाईक)

चाचणीने नेमके काय साधते, हे याच सुजेच्या उदाहरणावरून कळते. खड्यांमुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आलेल्या रुग्णाला बरे वाटल्यावर घरी पाठवावे आणि महिन्याभराने पित्ताशय काढावे, की त्याच मुक्कामात काढून टाकावे, हा शल्यचिकित्सकांपुढचा जुना प्रश्न होता. नेदरलँड्समधील २३ रुग्णालयांत २६६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: महिनाभर थांबलेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांच्या बाबतीत खड्यांच्या गुंतागुंतीमुळे पुन्हा भरती होण्याची वेळ आली किंवा मृत्यू ओढवला, त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून आलेल्या माणसासाठी ‘महिन्याने या’ या शब्दांचा अर्थ काय होतो, हे ज्याने सातपुड्यातील रस्ते पाहिले आहेत त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

त्याच देशातील २४ रुग्णालयांत १,०६७ रुग्णांवर झालेली दुसरी एक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली आणि तिने अधिक अवघड गोष्ट समोर आणली: खडे आणि पोटदुखी असलेल्या रुग्णांपैकी मोठ्या संख्येच्या रुग्णांचे पोट, नेहमीच्या पद्धतीने उपचार होऊनही, वर्षानंतर दुखतच होते. म्हणजे पोटातले प्रत्येक दुखणे खड्यांचे नसते, आणि शस्त्रक्रियेचा लाभ नेमका कोणाला होईल, याचा शोध अजून संपलेला नाही.

येथे खान्देशाचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार अनेक आदिवासी कुटुंबांत आहे. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, त्यांतून बिलिरुबिन हे पित्तातील रंगद्रव्य वाढते आणि पित्ताशयात काळे खडे धरतात, तेही कित्येकदा शाळकरी वयात. सिकलसेलची स्वतःची पोटदुखी आणि खड्याची पोटदुखी वेगळी ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जाते. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे खडे विरघळवणारे औषध कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवर, तेही महिनोन् महिने घेतल्यावर, काम करते. काळ्या खड्यांवर ते चालत नाही. त्यामुळे परदेशातील रुग्णांवरून निघालेले उत्तर आमच्या मुलामुलींना जसेच्या तसे लावता येईल, असे मी मानत नाही. ते उत्तर शोधायचे, तर आमची माणसे चाचणीत असावी लागतील.

आणि ती असावीत, तर कागद त्यांच्या भाषेत बोलला पाहिजे. संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, हा आपल्याकडील नियम आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासमोर निःपक्ष साक्षीदार बसवून मजकूर वाचून दाखवावा लागतो. परंतु खान्देशात समजणारी भाषा म्हणजे कोणती? धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, धडगावच्या डोंगरात पावरी आणि भिली. छापील मराठीतील चार पाने पावरी बोलणाऱ्या बाईच्या हाती देणे, याला मी संमती म्हणणार नाही.

(दृश्य: संमतीपत्राची पाने, त्यांवरून फिरणारे बोट)

सही करण्याआधी काय विचारावे, हे मी मामीसाठी शोधले, म्हणून सांगतो. अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता आहे का, हे विचारावे; नव्या औषधांच्या चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अशा समितीत किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांत कायद्याचा जाणकार व सामान्य नागरिकही असतो. चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत आहे का, हे २००७ सालापासून कोणालाही संगणकावर पाहता येते. नव्या औषधाची चाचणी असल्यास २०१९ च्या नियमांनुसार तिच्यामुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क आहे. दोन गट कोणते, आपण कोणत्या गटात जाऊ हे कोण ठरवणार, किती खेपा घालाव्या लागतील, एसटीचे भाडे मिळेल का, हेही विचारावे; यात संकोच वाटण्याचे कारण नाही. नकार दिला किंवा मधूनच बाहेर पडले, तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. घरातील म्हाताऱ्यांना डॉक्टरांचा शब्द मोडणे जड जाते, म्हणून हे वाक्य त्यांना दोनदा सांगावे.

मामीचा मुलगा तो कागद घेऊन तिच्यासह पुन्हा रुग्णालयात गेला. तेथील एका तरुण डॉक्टरांनी तिला जवळ बसवून सगळे समजावले, आणि जेथे मराठी अडली तेथे धुळ्याच्याच एका परिचारिकेने अहिराणीत सांगितले. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे कमी करण्याच्या दोन रीतींची ती तुलना होती. मामीने गट ठरवणाऱ्या चिठ्ठीबद्दल काहीच विचारले नाही. पुढच्या तपासण्या कापूस वेचणीच्या दिवसांत येणार का, एवढाच तिचा प्रश्न होता. डॉक्टरांनी तारखा पाहिल्या आणि त्यांपैकी एक पुढे ढकलली. त्यानंतर भरलेल्या नव्या संमतीपत्रावर मामीची सही आहे आणि सहीखालची तारीख तिने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.