पुस्तक मिटायचे कधी?

नमस्कार. सजगता, साधी राहणी आणि रोजच्या जगण्याला उपयोगी पडणारे तत्त्वज्ञान या विषयांवरची पुस्तके कशी वाचावीत, असे गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी इतक्या जणांनी विचारले आहे की आज मी केवळ त्यावरच बोलणार आहे. पुस्तक विकत घ्यावे की वाचनालयातून आणावे, सकाळी वाचावे की रात्री, याबाबत माझा काहीही आग्रह नाही. मी स्वतः करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तके आणतो. १८५० पासून चालत आलेले वाचनालय आपल्या कोल्हापुरात असताना पैशांची अडचण कोणाला येऊ नये.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. या पुस्तकांत एक जागा अशी येते, जिथे लेखक वाचकाला काहीतरी करायला सांगतो: तीन श्वास लक्ष देऊन घ्या, किंवा आजचा टाळता आला असता असा खर्च लिहून काढा. नेमक्या त्या जागी आपण पुढची ओळ वाचतो. तिथे पुस्तक मिटावे, सांगितलेले करावे आणि त्या दिवशी ते पुन्हा उघडू नये.

इचलकरंजीच्या एका प्रेक्षकांनी कळवले आहे की त्यांना वर्षात पन्नास पुस्तके पुरी करायची आहेत आणि माझ्या पद्धतीने ती होणार नाहीत. होणार नाहीत, हे खरे आहे. कादंबरी एका रात्रीत वाचून काढावी, तिचा आनंद मीही घेतो. पण या पुस्तकांना संख्येचा हिशोब लावलेला पाहिला की मला मनापासून वाईट वाटते. थिक न्हात हान्ह या व्हिएतनामी भिक्षूंचे सजगतेवरचे प्रसिद्ध पुस्तक मुळात १९७४ साली लिहिलेले एक लांबलचक पत्र होते. युद्धाने होरपळलेल्या देशात समाजसेवा करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांसाठी त्यांनी ते लिहिले. भांडी घासताना भांडी घासण्याकडेच लक्ष असू द्यावे, हे त्यातले सांगणे निवांत माणसांसाठी नव्हते. ज्यांच्या हाताला क्षणाची उसंत नव्हती, त्यांच्यासाठी होते.

हे मला उशिरा कळले. गंगावेशीत दूध कट्ट्यावर मी नेहमी जातो. एका संध्याकाळी एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर सजगतेचेच एक प्रकरण, अशा अवस्थेत मी उभा होतो. ‘आत्ता हातात काय आहे ते पाहा’, या अर्थाचे वाक्य आले. सवयीने नजर पुढच्या ओळीवर गेली होती. ती मागे आणली आणि मोबाईल खिशात ठेवला. नुकत्याच काढलेल्या धारेचा पेला तळव्याला ऊब देत होता, वरचा फेस बारीक आवाज करत खाली बसत होता आणि पलीकडे म्हैस शेपटीने माश्या वारत होती. इतकी वर्षे मी तिथे दूध पीत होतो. फेसाला आवाज असतो, हे मला त्या दिवशी समजले. पुढची ओळ वाचली असती तर तेही राहून गेले असते.

विनोबांची उदाहरणे मला या संदर्भात फार मोलाची वाटतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. ऐकणाऱ्यांना प्रत्येक अध्यायानंतर सहा दिवस मिळत होते. आज तेच पुस्तक दोन बैठकांत वाचून ‘झाले’ म्हणणाऱ्याच्या हातून मधले ते सहा दिवस निसटतात. आपल्या तालमीतला वस्तादही एक डाव दाखवला की तो अंगी मुरेपर्यंत दुसरा दाखवत नाही.

‘साधेपणासाठी जंगलात जायचे का?’ हा प्रश्नही पुष्कळांनी विचारला आहे. अमेरिकन लेखक थोरो १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला, पण कॉन्कर्ड गाव तिथून चालत जाण्याइतके जवळ होते आणि तो गावात येत-जात असे. त्याच्या पुस्तकात घर बांधायच्या खर्चाची यादी आहे: फळ्या, विटा, खिळे, चुना, एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. त्या यादीपाशी पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरातले फडताळ उघडले आणि डबे मोजले. एकतीस निघाले, त्यांतल्या नऊ डब्यांत काहीही नव्हते. त्या महिन्यात आम्ही नवा डबा घ्यायला निघालो होतो, तो घेतला नाही.

एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या छोट्या पुस्तकाबद्दलही विचारणा आहे. त्याचा शिष्य एरियन याने ते संकलित केले आणि पुस्तकाच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘हाताशी असलेले’ असा होतो. पहिल्याच प्रकरणात काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, हे वेगळे करायला सांगितले आहे. दुसरे प्रकरण उघडण्याआधी दिवसभरातला एक तरी प्रसंग, बस चुकल्याचा किंवा साहेबांच्या बोलण्याचा, असा वेगळा करून वहीत लिहावा.

मराठीत सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्यांना मी ‘मनाचे श्लोक’ सुचवतो. श्लोक २०५ आहेत. रोज एक घेतला तर जवळपास सात महिने लागतात. मी सध्या सत्तेचाळिसाव्यावर आहे.