जॅकफ्रूटमधला हा जॅक नक्की कोण?

फणसाला इंग्रजीत जॅकफ्रूट म्हणतात हे आपल्याला शाळेपासून पाठ, पण हा जॅक कोण? नेटवर शोधलं की विल्यम जॅक हे नाव पुढे येतं, स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञ, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, त्याच्यावरूनच म्हणे फणसाचं नाव पडलं. माणूस खराय पण त्याचा जन्म १७९५चा, आणि त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं, १६९८ साली छापलेल्या पुस्तकात जॉन फ्रायरनं मद्रासकडच्या झाडांमध्ये 'जॉक्स' लिहून ठेवलेत. हा फ्रायर म्हणजे शिवकाळात जुन्नरला येऊन गेलेला तोच इंग्रज डॉक्टर.

खरं मूळ आहे केरळात. मल्याळममध्ये फणस म्हणजे चक्का. १४९८ला वास्को द गामा कालिकतला उतरला, मग पोर्तुगीजांचा मुक्काम मलबारच्या बंदरांतच, तिथे ऐकलेल्या चक्काचं त्यांच्या तोंडी जाका झालं, आणि जाकाचं इंग्रजांनी जॅक केलं, बस.

गोवा त्यांनी घेतला १५१०मध्ये, आणि मला वाटतं तोवर हे नाव त्यांच्या जिभेवर बसलेलं असणार, नाहीतर कुणी सांगावं, इंग्रजीत आज आपलाच शब्द असता! कारण गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ला गोव्यातच छापलं गेलं, त्यात दोन्ही नावं आहेत, मलबारात जाका आणि इकडच्या बोलीत पणस. पुस्तक सगळं संवादात लिहिलंय, आणि त्यातला पाहुणा भाजलेल्या आठळ्या खाऊन म्हणतो की या तर अगदी आमच्या चेस्टनटसारख्या लागतात, मग त्याला गरे खायला देतात तर तो म्हणतो खरबुजासारखे आहेत पण चांगल्या खरबुजाची सर नाही. कोकणातल्या माणसाला हे वाचून राग येईल, मला तर आलाच, पण साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात कुणीतरी आठळ्या भाजून पाहुण्याला देतंय हे वाचताना फार आनंद होतो.

म्हणून हे नाव एका साहेबाच्या खात्यावर टाकणं मला अजिबात पटत नाही, ते मलबारच्या माणसांचं आहे. पोर्तुगीजांनी पुढे फणसाचं झाड ब्राझीललाही नेलं, रिओच्या तिजुका जंगलात ते आता रान माजावं तसं माजलंय, आणि तिथली माणसंही त्याला जाकाच म्हणतात.