धरणाचं पाणी, बोअरचं पाणी

पुण्यातल्या कोथरूडमधली ही गच्ची. इथे अ‍ॅक्वापॉनिक्स चालतं, म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर भाजी पिकवणं. निळ्या टाकीत तिलापिया, शेजारी खडी भरलेल्या वाफ्यात पालक आणि पुदिना. मासे पाण्यात अमोनिया सोडतात, पालकाला हवं असतं नायट्रेट. मधलं सगळं काम खडीला चिकटलेल्या जिवाणूंचं. नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतो, नायट्रोस्पिरा त्याचं नायट्रेट. ही वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. मासे मात्र लोक पहिल्याच रविवारी आणून सोडतात.

हा महापालिकेचा नळ. खडकवासल्याचं पाणी क्लोरीन घालून येतं, आणि क्लोरीन आपले-परके जिवाणू ओळखत नाही. उघड्या पिंपात हवेचा पंप लावून दिवसभर ठेवलं, की ते बहुतेक उडून जातं.

पुढची अडचण सावकाश येते. जिवाणूंना पाण्याचा सामू (pH) 7 ते 8 मानवतो, भाज्यांना 6 च्या आसपास, म्हणून 6.8 ते 7 वर तडजोड करतात. पण नुसत्या सामूवर विसंबू नये. 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं (अमोनियातल्या नायट्रोजनचं) नायट्रेट होताना सुमारे 7 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, खर्च होते. धरणाचं पाणी मुळात हलकं, क्षारतेची शिल्लक थोडी. ती आहे तोवर सामू फारसा हलत नाही. संपली की झपाट्याने घसरतो. 6 च्या खाली जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं आणि अमोनिया साचू लागतो. पावसाळ्यात उघड्या टाकीत सरी पडल्या, तर हे आणखी लवकर घडतं.

इथे कामाला येतं ते सोसायटीचं बोअर. बेसाल्टच्या भेगांतून आलेलं हे जड पाणी गिझरमध्ये पांढरे थर चढवतं, म्हणून घरोघरी नावडतं. त्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे हीच क्षारता, जिवाणूंना हवंच असतं. टाकीत भर घालताना नळाच्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळावं. किती, ते क्षारता मोजून ठरवावं. टँकरचं पाणी आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या. ते दर वेळी तपासावं लागतं.

खडीही पाहून घ्यावी. वाघोलीच्या खाणी स्फटिकवेड्यांना कॅव्हन्साइट या निळ्या खनिजासाठी ठाऊक आहेत. आपण शोधायचा तो दगडातला पांढरा कॅल्साइट. व्हिनेगर टाकल्यावर फेस आला, तर ती खडी सामू वर ओढत राहणार.

एप्रिलच्या दुपारी वेगळीच तारांबळ. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे जिवाणूंना साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. वीज गेली की मासे वर येऊन तोंड उघडतात, ते दिसतं. खडीतली घुसमट दिसत नाही. पंपाला बॅटरी हवीच.

डिसेंबरात पहाटेचा पारा 10 अंशांकडे उतरला, की जिवाणू मंदावतात. तेव्हा माशांना खाद्य कमी टाकायचं आणि अमोनिया एक दिवसाआड तपासायचा.