जूनमधला कोवळा, ऑगस्टातला जून

(झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका तालुक्याच्या गावी वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. आधी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे पुढे मी कोणावर टीका केली तर तुम्हाला मला टोकायचा हक्क राहील.

९ ऑगस्टच्या सुमारास आपल्याकडे रानभाजी महोत्सव भरतात. कृषी विभागानं २०२० पासून ही प्रथा पाडली, आणि जागतिक आदिवासी दिन म्हणून ती तारीख. कल्पनेत खोट काढण्यासारखं काही नाही. एका वर्षी आमच्याकडच्या संयोजनात मीही होतो. भाज्यांची यादी करायचं काम माझ्याकडे, आणि मी मोठ्या उत्साहानं पहिलंच नाव लिहिलं, तरोटा. लहानपणी पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आमच्या घरी हीच भाजी. कांदा, लसूण, थोडी भिजवलेली चण्याची डाळ, बस्स. यादी खिशात घालून मी जंगलाकाठच्या एका गावी, ओळखीच्या आजीकडे गेलो. तिनं नावं ऐकून घेतली आणि म्हणाली, "तरोटा आता म्हातारा झाला जी. तुमी दोन महिनेआंधी आले असते तं टोपलंभर देल्ली असती."

मी वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. तरोटा जूनमध्ये कोवळा असतो आणि ऑगस्टात जून होतो, हे मला तिनं सांगावं लागलं. पण फ्लेक्स छापून झाला होता. मग सावलीतली, ओढ्याकाठची पानं शोधून आणली. पाहुण्यांनी चाखली, तोंड कडवट केलं, आणि भाषणात म्हणाले की रानभाज्या औषधी असतात. पाककृतीत पहिला नंबर आला तरोट्याच्या मंचुरियनचा. येणारच. सोया सॉसमध्ये पुठ्ठा तळून दिला तरी नंबर येईल.

त्याच दिवशी त्या आजीनं वास्ते आणले होते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. वास्त्यांचा मात्र तोच हंगाम, ते अगदी वेळेवर आलेले. तिच्या ताटलीपुढं एक कार्ड ठेवलं होतं, 'शास्त्रीय नाव' म्हणून. ते कोरंच राहिलं, म्हणून परीक्षक पुढे गेले. ती ताटली मी नीट पाहिली. वरची सालपटं एकेक करून काढलेली, आतला पिवळट गाभा सुपारीसारखा बारीक कातरलेला. कातरून तो रात्रभर पाण्यात घालायचा, सकाळी उकळून ते पाणी फेकायचं, मगच फोडणी. ही सगळी मेहनत कशासाठी, तर कच्च्या कोंबात विषारी अंश असतो, तो पाण्यावाटे जातो. तिला त्या विषाचं नाव ठाऊक नव्हतं. पाणी किती वेळा बदलायचं, ते ठाऊक होतं.

मला आज जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. आपले जुने सण जिनसाच्या तारखेला व्हायचे. नवे महोत्सव पाहुण्यांच्या तारखेला होतात, आणि जिन्नस बोलावून आणावे लागतात.

गडचिरोलीच्या दक्षिण भागात, पलीकडे बस्तरमध्ये, माडिया आणि गोंड गावांत पंडुम असतात. पंडुम म्हणजे सण, पण आपल्या अर्थानं नव्हे. नवं फळ, नवं धान्य आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचं, गावानं एकत्र बसायचं, त्यानंतर ते खायला मोकळं. आंब्याचा मरका पंडुम, बियाण्याचा विज्जा पंडुम. मरका पंडुम झाल्याशिवाय आंब्याला हात लावायचा नाही. आता याकडे कुणी अंधश्रद्धा म्हणून पाहील, कुणी गहिवरेल. मी शेतकऱ्याच्या नजरेनं पाहतो. कैरीत कोय धरेपर्यंत झाड वाचतं. पाखरांना मिळतं, रोपं उगवतात, आणि ज्याचं झाड घराशेजारी आहे त्यानं पहाटेच सगळं उतरवून घेतलं, असं होत नाही. तारीख कॅलेंडरात नसते. गावातली जाणती माणसं झाड बघून ठरवतात.

मोहाचं तर विचारूच नका, तिथे माणसाला ठरवायला काही उरतच नाही. मोह तोडता येत नाही, वेचावा लागतो. मार्चच्या मध्यावर झाडाची पानं झडलेली असतात, आणि रात्रीतून फुलं टपटप पडायला लागतात. उजाडायच्या आत बायका-पोरं टोपली घेऊन झाडाखाली. ऊन चढलं की गुरं येतात, हरणं येतात, अस्वलही येतं. कुठलं झाड कुठल्या घराचं, हे गावाला पाठ असतं, त्याला सातबारा लागत नाही. वेचलेली फुलं अंगणात वाळवायची. वाळली की मनुक्यासारखी होतात, रंगानं आणि गोडीनंही. माझी आई ती भाजायची, भाजलेले तीळ आणि जवस घालून उखळात कुटायची आणि लाडू वळायची. शाळेत नेलेला तो लाडू मी मास्तरांपासून लपवून खायचो, कारण मोह म्हटलं की सगळ्यांना दारूच आठवते. मोहफुलं गोळा करणं, वाहून नेणं, साठवणं यावरचे निर्बंध राज्य सरकारनं २०२१ मध्ये उठवले. तोवर लाडवाचा मोहही संशयितच होता.

मोहाची वाईट बाजूही बोलली पाहिजे. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, वारा आला की तीच आग जंगलात शिरते. आणि दरवर्षी एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या पेपरात वाघाची बातमी असते. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला वाकलेली बाई. महोत्सवाच्या फ्लेक्सवर 'आरोग्यदायी मोहफूल' लिहिताना मला त्या वाकलेल्या पाठी आठवतात.

आमच्या झाडीपट्टीत मंडई असते, ती तर आपण सगळ्यांनी अनुभवलीय. दिवाळीनंतर, धान निघायच्या दिवसांत, गावोगाव. पाव्हणे येतात, दिवसा बाजार, रात्रभर नाटक. त्याच सुमाराला मामा तलावांतून शिंगाडे निघतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या ताब्यातले. कोहळी समाजानं हे तलाव खोदले आणि मासेमारी करणारे धिवर बंधू त्यांत उतरतात. रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग दिसले की मंडईचे दिवस आले, हे पोरांनाही कळतं. तिथे ना कुणी फीत कापत, ना नंबर काढत. हुरड्याचं इथं फार बोलत नाही, तो वऱ्हाडातला. तिकडे कापूस-सोयाबीननं ज्वारी मागे ढकलली आणि आता हुरडा पार्टीची तिकिटं निघतात.

कुणी म्हणेल, सर, हा सगळा जुन्याचा उमाळा आहे. तसं नाही. महोत्सव बंद करा, असं मी म्हणत नाही. त्या दिवशी काटवलं, म्हणजे करटुली, घेऊन बसलेल्या बायकांची दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण भामरागडसारख्या ठिकाणी काय होतं बघा. इंद्रावती, पामुलगौतमी, पर्लकोटा अशा तीन नद्या. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की गाव बेट होतं. आतल्या कित्येक गावांना पावसाळ्याचं धान्य आधीच पोचवून ठेवावं लागतं. तांदूळ पोचतो, पण भाजी कुणी पोचवत नाही. त्या दिवसांत ताटात जे हिरवं असतं ते कुड्याची फुलं, वास्ते, वारुळावर उगवलेल्या सात्या, म्हणजे अळंबी. आपल्याला जी रानभाजी म्हणजे एका दिवसाची मौज वाटते, ती तिथे चार महिन्यांची शिदोरी आहे. आणि ऑगस्टात महोत्सव भरतो तेव्हा नेमक्या याच गावांतली माणसं नदीपलीकडे अडकलेली असतात.

वास्त्यांवरून वन खात्याशी वादही होतात. एक कोंब तोडला म्हणजे एक बांबू गेला, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनउपज, म्हणजे लाकडाव्यतिरिक्तचं जंगलाचं उत्पन्न, ठरवलंय, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या हातात घेतले. कुठल्या बेटातून किती कोंब काढायचे हे ग्रामसभेनं ठरवावं, असं माझं मत आहे. परवान्याच्या कागदापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

शेवटी, आमच्या त्या फजितीनंतर काय झालं ते सांगून बसतो. पुढच्या वर्षी आम्ही तारीख छापलीच नाही. मांडव नाही, पाहुणे नाहीत, आजीच्या गावच्या शाळेचा व्हरांडा तेवढा मागून घेतला. तिला माझा नंबर लिहून दिला आणि म्हटलं, वास्ते निघाले की सांगा, तुम्ही सांगाल त्या दिवशी येऊ. जून गेला. जुलैचे दहा दिवस गेले. मंडळी मला विचारायला लागली, सर, काय झालं तुमच्या महोत्सवाचं? मी म्हणायचो, फोन यायचाय.

एका सकाळी पाऊस कोसळत असताना नातवाच्या मोबाइलवरून फोन आला. आवाज नीट येत नव्हता. दोनच शब्द कळले.

"निंगले जी."

आम्ही अकरा जण गेलो. चिखलात गाडी दोनदा रुतली.