चिंचेवर तगलेलं सोनेरी वटवाघूळ

मंडळी, पिकलेला फणस लपत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. १९७६ साली प्राणी वाचवण्याच्या ध्यासाचे लेखक जेराल्ड ड्यूरेल मॉरिशसहून त्याच देशाच्या रॉड्रिग्ज या हिंदी महासागरातल्या बेटावर निघाले, तेव्हा त्यांच्या सामानात असाच एक फणस होता आणि विमानभर त्याचा घमघमाट सुटला होता. माणसं नाकं मुरडत होती, पण आमंत्रण त्यांना नव्हतंच. ते होतं रॉड्रिग्जच्या सोनेरी वटवाघळांना. फळांच्या वासाने ती खाली यावीत, झाडांत ताणलेल्या बारीक जाळ्यात अडकावीत, असा बेत.

तेव्हा जगात ही वटवाघळं जेमतेम शंभराच्या आसपास होती. सगळी त्या एका बेटावर, आणि बेट केवढं? १०८ चौरस किलोमीटर. या बेटाचा मूळचा सस्तन प्राणी म्हणाल तर हाच एक. जंगल माणसाने तोडलं, आणि मग चक्रीवादळांना मोकळं रान मिळालं. वादळात पाखरं-वटवाघळं समुद्रावर फेकली जातात, हे आपल्याला सुचतं. पण खरी मारामार वादळ गेल्यावर असते. झाडावर फूल नाही, फळ नाही, पान नाही. आठवडेच्या आठवडे खायचं काय? घनदाट रान असतं तर एखाद्या घळीत काहीतरी उरलं असतं.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. जंगल गेल्यावर हा प्राणी तगला तो बराचसा चिंचेवर आणि आंब्यावर, म्हणजे माणसाने बाहेरून आणून लावलेल्या झाडांवर. फळ चावायचं, रस पिळून घ्यायचा, चोथा थुंकायचा. आपल्या वडाखाली सकाळी पडलेला चोथा आठवा, तसंच. ‘परकी झाडं वाईट’ असं सरसकट बोलणाऱ्यांनी (मीही बोलायचो) हे लक्षात ठेवावं.

पकडलेल्यांपैकी काही ब्रिटनजवळच्या जर्सी बेटावरच्या ड्यूरेल यांच्या प्राणिसंग्रहालयात गेली, काही मॉरिशसला, आणि पिंजऱ्यात त्यांची वीण वाढली. फ्लोरिडात अशाच पाळलेल्या वटवाघळांमध्ये वटवाघळांचे अभ्यासक टॉमस कुंझ आणि सहकाऱ्यांनी एक बाळंतपण पाहिलं. १९९४ साली ते छापून आलं. या जातीची मादी वितांना उलटी न लटकता सुलट होते, पाय खाली. ही अडलेली मादी मात्र उलटीच लटकून होती. शेजारची दुसरी, नात्यातली नसलेली, तिच्यापुढे स्वतः सुलट होऊन दाखवू लागली. मधूनच तिला चाटायची, पंखांत घ्यायची, पंखांनी वारा घालायची. सुईणच म्हणा ना!

पण बेटावर संख्या वाढली ती पिंजऱ्यांमुळे नव्हे. झाडं पुन्हा लावली गेली, उरलेली राखली गेली, गावकऱ्यांनी मनावर घेतलं. आज ही वटवाघळं वीस हजारांच्या घरात आहेत. तरीही संकटग्रस्तच, कारण घर एकच. २००३च्या एका वादळाने तेव्हाची कितीतरी नेली होती.

आणि त्याच देशात, मॉरिशसच्या मुख्य बेटावर, याच्याच भाऊबंदाला २०१५ साली सरकारने गोळ्या घातल्या. तीस हजारांवर. का, तर लिची आणि आंबे खातात म्हणून. झाडावर जाळी टाकता येते. पण जाळीला पैसे पडतात, आणि फळवाल्याचा रागही खोटा नसतो. आपणही फार नाकं मुरडू नयेत. २०२२च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या वन्यजीव कायद्यातही फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या यादीत, उपद्रवी म्हणूनच बसलेली होती.