मोटर नंतर बघू, आधी गाडी मोकळी फिरू द्या

नमस्कार मंडळी. आज आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, टुरिंग कारच्या ड्राइव्हट्रेनबद्दल बोलायचंय, म्हणजे मोटरच्या पिनियनपासून (शाफ्टवरचा छोटा गिअर) चाकापर्यंत जे जे फिरतंय ते सगळं. नवीन पोरगं गाडी घेतं आणि पहिला प्रश्न विचारतं, कुठली मोटर टाकू? मी प्रत्येकाला सांगतो, मोटर राहू दे, उलट आहे ती पण काढून बाजूला ठेव, गाडी उचलून धर आणि स्पर गिअर, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतं तो मोठा गिअर, बोटानं फिरवून सोड. थोडा वेळ फिरत राहिला तर ठीक, जागेवर गपकन थांबला तर कुठंतरी अडतंय. आणि अडत्या गाडीत तगडी मोटर टाकली की त्या जास्तीच्या ताकदीची नुसती गरमी होते, आणि गरमी आपल्या सोलापुरात आधीच काय कमी आहे का.

अडतंय कुठं हे शोधायला सगळी गाडी उघडून बसू नका. एकेका चाकाचा ड्राइव्ह शाफ्ट काढा आणि परत स्पर फिरवा, जो काढल्यावर बाकीचं मोकळं झालं तिथंच खोट. बहुतेक वेळा बेअरिंगच निघतंय. तामियाच्या टीटी-०२ सारख्या किटमध्ये बऱ्याचदा बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश येतात, ते आधी काढून टाका, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याचा बदल आहे असं माझं ठाम मत आहे. त्यात जास्त करून ११ बाय ५ बाय ४ मिलिमीटरचं बेअरिंग लागतं, आरसीवाले त्याला ११५० म्हणतात, पण साध्या बेअरिंगच्या दुकानात एमआर११५ म्हणून विचारा, तो माणूस लगेच ओळखेल. आणि ते सुकलं म्हणून वरून डब्ल्यूडी-४० मारू नका, त्यानं आतलं ग्रीस धुऊन जातं आणि होटगी रोडची सगळी धूळ आत जाऊन बसते. बेअरिंगची शील्ड (बाजूची पातळ चकती) काढायची, धुवायचं, पूर्ण वाळवायचं, पातळ ऑइलचा एक थेंब टाकायचा, बास.

आता मेश. पिनियन आणि स्पर एकमेकांत किती घट्ट बसवायचे हा प्रश्न. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मधे घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, मग पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दात नीट उमटले पाहिजेत पण कागद फाटला नाही पाहिजे. लोक इथंच थांबतात, पण स्पर कधीच शंभर टक्के गोल नसतो, म्हणून तो पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी हलवून बघा आणि जिथं सगळ्यात घट्ट वाटतंय तिथं किंचित खेळ राहील असं सेट करा. बाकी कान आहेतच. लूमचा आवाज बदलला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, शेडच्या दारातूनच ओळखतो ना, तसंच आहे हे, घट्ट मेश किंचाळतो आणि सैल मेश खडखडतो. पिनियनचा बारका स्क्रू मोटर शाफ्टच्या चपट्या बाजूवरच बसवा, थ्रेडलॉकचा ठिपका लावा, पण थ्रेडलॉक प्लास्टिकला लागू देऊ नका, तडे जातात.

गिअरिंगचं एकच गणित सांगतो. टीटी-०२ ला ७० दातांचा स्पर, २२ चं पिनियन आणि आतलं गुणोत्तर २.६, म्हणजे मोटरचे ८.२७ फेरे झाले की चाकाचा एक. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की पिनियन २१ चं टाका, ८.६७ होतंय, टॉप स्पीड थोडी जाते पण मोटर वाचते.

डिफरन्शियलला, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या डिफला, मात्र वेळ द्या. सीलबंद गिअर डिफ असेल तर आत सिलिकॉन ऑइल असतंय. पातळ ऑइल असलं की वळणात आतलं चाक हलकं झाल्यावर ताकद तिकडंच वाया जाते, जाड असलं की दोन्ही चाकं मिळून ओढतात, पण धुळीच्या डांबरावर मागचा भाग सटकतो. म्हणून आपल्याकडच्या पार्किंगमध्ये मागच्या डिफला ३००० च्या ऑइलपासून (आकडा जाडपणाचा, सेंटीस्टोकमध्ये) सुरू करा, मग चढवत जा. क्रॉस पिन (आतले छोटे गिअर जिच्यावर फिरतात ती) झाकेल इतकंच ओता, बुडबुडे वर येऊ द्या, काठोकाठ भरू नका कारण तापलं की ऑइल फुगतं आणि ओ-रिंगमधून बाहेर येतं. सोनारासारखा छोटा डिजिटल काटा असेल तर भरलेला डिफ वजन करून लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेवढाच भरता येतो. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. टीटी-०२ चा मूळ डिफ असा सीलबंद नसतो, त्यात पातळ ऑइल थांबतच नाही, तिथं तामियाचं चिकट अँटी-वेअर ग्रीस भरतात.

बेल्टच्या गाड्यांचं थोडक्यात सांगतो, बेल्ट ताणून तंबोरा करू नका, ब्रेक मारल्यावर दात उडाल्याचा कटकट आवाज आला तरच एक खाच घट्ट करा. बेल्टला तेल लावायचं नाही. पुलीच्या दातात अडकलेला खडा मात्र रोज बघायचा.

मघाशी एकानं विचारलं, डिफचं ऑइल कधी बदलायचं? मागची दोन्ही चाकं हातात धरून उलटसुलट फिरवा, पहिल्यापेक्षा हलकं लागलं किंवा मधेच खरखर लागली की उघडा. ऑइल नुसतं काळपट असेल तर पुसून नवीन भरा, पण त्यात चमचम करणारे कण दिसले तर क्रॉस पिन आणि आउटड्राइव्ह (ड्राइव्ह शाफ्ट ज्यात बसतो तो डिफचा कप) झिजलेत, ते बदलल्याशिवाय नवीन ऑइल ओतू नका.