गंजाचा अल्बम

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वैशाखात मी एक गाडी विकली. गाडी विकली हे रेडिओवर येऊन सांगण्यासारखं काही नाही, आपल्याकडे रोज विकल्या जातात. पण ही गाडी होती १९६१ सालची जग्वार, मार्क टू. वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माझ्या मांगरात, म्हणजे घराबाजूच्या कोठारात, ती नऊ वर्षं होती. त्यातली सात वर्षं ती गाडी नव्हतीच. सुट्या भागांचा पसारा होता. वाडीतली पोरं तिला 'बिबट्या' म्हणायची, बॉनेटवरच्या उडी मारणाऱ्या जग्वारच्या मूर्तीमुळे. वाडीतली कुत्री मात्र तिच्याखाली खुशाल झोपायची.

आधी गाडीबद्दल थोडं. इंग्लंडात कॉव्हेंट्री नावाचं शहर आहे, तिथे ही बनली. मार्क टू १९५९ ते १९६७ या काळात निघत होती, ८०,०००पेक्षा जास्त निघाल्या. माझी ३.४ लिटरची, सहा सिलिंडर एका रांगेत. आत अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, कातड्याच्या सीटा, आणि पुढच्या सीटांच्या पाठीला मागच्या माणसासाठी घडीचं छोटं टेबल. इंजिनाची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते. कारखान्याच्या माणसांना रात्री आगीवर नजर ठेवायला पाळीपाळीने जागावं लागे. मालक विल्यम लायन्स आणि त्यांचे इंजिनिअर या जागरणात बसून युद्धानंतरच्या इंजिनाचे आराखडे बोलत असत. ते इंजिन १९४८ साली बाहेर आलं आणि १९९२पर्यंत कुठल्या ना कुठल्या गाडीत बसत राहिलं. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यती त्याने जिंकल्या. आता तीच कंपनी २००८पासून टाटांची आहे, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी गाडी बघायला येणारा प्रत्येक माणूस ते मला नव्याने सांगायचा.

ही गाडी कोकणात आली कशी? त्या काळी परदेशी गाडी आणणं सोपं नव्हतं. परदेशी वकिलातींचे अधिकारी मात्र आपल्या गाड्या घेऊन येत, आणि परत जाताना त्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. आपल्या देशातल्या बऱ्याच जुन्या ऐटबाज गाड्यांचं मूळ तिथे सापडतं. माझीही तशीच. दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून एका कंत्राटदाराकडे इकडे. त्याला लिटरमागे सहा-सात किलोमीटरचं पेट्रोल परवडेना. त्याने सरळ मूळ इंजिन उतरवलं आणि डिझेलचं बसवलं. हसू नका, तेव्हा निम्म्या हिंदुस्थानाने हेच केलं. मग तेही इंजिन बंद पडलं, आणि गाडी फणसाखाली उभी राहिली.

मी ती घेतली तेव्हा मूळ इंजिनाचा पत्ता नव्हता. सहा महिन्यांनी कंत्राटदाराच्या म्हाताऱ्या गड्याने सांगितलं, "काकानू, ता लोखंड गोठ्यात असा." गोठ्यात पेंढ्याच्या गंजीमागे, शेणाने माखलेलं, वर कोंबड्या बसलेल्या. मी फडक्याने घासघासून ऑइल फिल्टरच्या वरची जागा पुसली. नंबर उमटला. शेवटी तिरपी रेघ आणि ८ चा आकडा. तो आकडा कॉम्प्रेशनचा, आठास एक. तोच नंबर सिलिंडर हेडवर आणि तोच गाडीच्या पाटीवर. जुन्या गाडीच्या व्यवहारात याला केवढी किंमत असते ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी फक्त कोंबड्यांना हाकलत होतो.

पण इंजिन हा सोपा भाग. लोखंड जाड असतं, ते थांबतं. कोकणात मरतो तो पत्रा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा कणा. दारांखालून पुढपासून मागपर्यंत एक पोकळ पेटी जाते, तिला सिल म्हणतात. तिच्यात पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. वरून आपला खारा वारा. चार पावसाळे असे गेले की वरून रंग झकास आणि आतून नुसता भुगा.

आणि रंग झकासच होता. आधीच्या कोणीतरी मुंबईच्या एका नामांकित म्हणवणाऱ्या दुकानातून ती रंगवून घेतली होती. आमच्या मिस्त्रींनी डाव्या दाराखाली बोटाने टकटक केलं, मग पेचकस लावला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. "काकानू," ते म्हणाले, "ह्यो पत्रो न्हय, ही नुसती लांबी असा." रंगकामवाले खड्डे भरायला जी लांबी लावतात ना, ती. गंज तसाच ठेवून वरून तीन बोटं लांबी, वर रंग, वर पॉलिश. त्या दुकानाने बिलात 'संपूर्ण नवीन पत्राकाम' असं लिहिलं होतं. बिल अजून माझ्याकडे आहे.

त्या दिवशी मिस्त्री म्हणाले, फोटो काढून ठेवा. उद्या लोक म्हणतील मीच असं केलं. म्हणून फोटो काढायला सुरुवात झाली. कुजलेला पत्रा, कापलेला पत्रा, नवीन वाकवलेला पत्रा, वेल्डिंगची शिवण, आतून मारलेलं मेण. मागच्या स्प्रिंगा जिथे बसतात तिथली बोटभर भोकं. डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात साठलेली माती, तिच्यात उगवलेलं एक रोप. ते फोटो मी साध्या लग्नाच्या अल्बमात लावले, वर सोनेरी अक्षरात 'शुभविवाह' होतं तेच. हिने विचारलं, "हे कोणाचं लग्न?"

बाकी कामांत फार रमत नाही. डॅशबोर्डचं लाकूड सावंतवाडीच्या एका कारागिराने केलं. खेळणी करणारे हात ते. त्याला आधी वाटलं लाखकाम हवंय. पाने मात्र सगळे इंचाचे लागले. आपल्या मिस्त्रींचे दहा-बारा-चौदा इथे बसतच नाहीत. आणि एक फजिती सांगतो, रेडिओच्या स्टुडिओत बसून सांगायला लाज वाटते. या गाडीला बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सगळ्या गाड्यांच्या उलट. मी एका रविवारी हौसेने नवा रेडिओ बसवला. 'सुप्रभात' ऐकू येण्याऐवजी धूर आला.

तर, विकायचं का ठरवलं? वय. गुडघे. आणि मुलगा पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. शिवाय दर मे महिन्यात आगोटीची कामं. घर शाकारायचं, लाकडं भरायची, आणि वर ही बाई. मेण, कापड, चारी चाकं लाकडाच्या ठोकळ्यांवर. एक पावसाळा तिला झाकण्यात चुकलो असतो तर सात वर्षं वाया.

कागद आधी नीट केले. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. माझा तीन अक्षरी नंबर राहिला याचा मला गाडीपेक्षा जास्त आनंद झाला. नोंदणी १० वर्षांची. पण अट अशी की रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. आणि भाड्याने देणं अजिबात नाही.

या शेवटच्या अटीमुळे पहिलं गिऱ्हाईक गेलं. गोव्याच्या बाजूचे एक गृहस्थ, लग्नांना गाड्या पुरवण्याचा धंदा. पैशाला मागेपुढे पाहिलं नाही. मी नियम सांगितला. ते म्हणाले, कोण बघतंय? मी म्हटलं, अपघात झाला तर सगळे बघतील. त्यांनी मग सुचवलं की इसार घ्या, फॉर्मवर सही करून द्या, तारीख आम्ही टाकतो. श्रोतेहो, एवढं एक ऐका. गाडी कुठलीही असो, मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोरी सही देऊ नका. विकणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत आरटीओला कळवायचं असतं. तोवर आणि त्यानंतरही, कागदावर ज्याचं नाव त्याच्याच दारात पोलीस येतात.

दुसरं गिऱ्हाईक मुंबईचं. तरुण, सभ्य. सीटवरून हात फिरवला, "वा काका" म्हणाला. मग विचारलं, एसी बसेल का, पॉवर स्टिअरिंग बसेल का, आणि हे इंजिन काढून एखादं आधुनिक. मी त्याला चहा दिला, सोलकढी दिली, गाडी नाही दिली. पोराचा दोष नाही. त्याला चांगली गाडी हवी होती. ही फक्त जुनी होती.

तिसरे आले ते जहाजावर इंजिनिअर होते, निवृत्त. आदल्या दिवशी फोन आला, "उद्या सकाळी येतो. मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, मला थंड हवंय." तिथेच मी समजलो. आले ते बरोबर गोणपाट घेऊन. नमस्कार झाला, पाणी प्यायले, आणि गोणपाट पसरून गाडीखाली आडवे झाले. पाय तेवढे बाहेर. अर्धा तास. वाडीतली दोन माणसं काळजीने बघून गेली.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक छोटं लोहचुंबक होतं, हातरुमालात गुंडाळलेलं, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून. ते चुंबक त्यांनी दारांखालून, चाकांच्या कमानींवरून, डिकीच्या कडेवरून हळूहळू फिरवलं. पत्र्याला चुंबक धरतं, लांबीला धरत नाही. मागच्या उजव्या कमानीवर चुंबक सुटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर. दोन इंच जागा आहे. मिस्त्रींना तिथे पत्रा जुळवता आला नाही. अल्बमात आहे."

"कसला अल्बम?"

मी 'शुभविवाह' आणून दिला. ते पडवीत बसले आणि पानं उलटू लागले. चकचकीत गाडी समोर उभी, सहा वेळा पॉलिश केलेली, आणि हा माणूस तिच्याकडे पाठ करून कुजलेल्या पत्र्याचे फोटो बघतोय. स्टेपनीच्या खळग्यातलं रोप बघून हसले. मुंबईच्या दुकानाचं बिल मी तिथेच चिकटवलं होतं, ते दोनदा वाचलं. इंजिनाच्या नंबरचा फोटो गाडीशी ताडून पाहिला. मग म्हणाले, "आता चालू करा."

स्टार्टर दाबला, एक सेकंद, आणि सहाही सिलिंडर लागले.

भाव झाला. किती ते सांगत नाही. माझा खर्च निघाला का असं विचाराल, तर नाही. सात वर्षांच्या पत्र्याचे, वेल्डिंगचे, इंग्लंडहून मागवलेल्या रबरांचे पैसे धरले तर निम्मेही नाही. त्यात माझा वेळ धरलेलाच नाही. जुनी गाडी दुरुस्त करून पैसा कमवू म्हणणाऱ्याने कोकणात आंब्याची बाग घ्यावी, तीही बेभरवशाची, पण निदान आंबे तरी खायला मिळतात. दोष मात्र सगळे मी कागदावर लिहून दिले. कमानीतली लांबी, दुसरा गिअर थंडीत घासतो, डाव्या मागच्या दाराची काच अर्ध्यावर अडते. आणि सांगितलं की हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, उरलेल्या जुन्या रबरी नळ्या बदलून घ्या.

न्यायच्या दिवशी ट्रेलर आला. वाडीतले सगळे जमले. शेजारच्या आजोबांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या ह्या लेकरान आपली गाडी परक्याच्या हाती दिल्यान हा. वाटेत काय इडा-पिडा, वाकडा-नाकडा असात ता दूर कर रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" कॉव्हेंट्रीच्या गाडीसाठी आमच्या वेतोबा देवाला घातलेलं गाऱ्हाणं मी पहिल्यांदाच ऐकलं. इंजिनिअर साहेबही हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणाले, ते देशावरचे असून.

ट्रेलर गेला, मागून त्यांची गाडी गेली. मी मांगरात आलो. तिथे जमिनीवर तेलाचा एक काळा डाग, चार लाकडी ठोकळे. हिने दुपारीच तिथे आमसुलं वाळत घालायची जागा धरली.

तासाभराने दारात हॉर्न वाजला. इंजिनिअर साहेब. ट्रेलर पुढे पाठवून ते कुडाळहून एकटे परत आले होते. मला वाटलं व्यवहार फिसकटला.

"अल्बम राहिला," ते म्हणाले.

नमस्कार.